इंग्रजीचे भय आणि विधी शाखेतील पीएच.डी.



शिरूर कासार येथील एका व्यापारी कुटुंबाचा प्रश्न या महिन्यात आपल्या सदराकडे आला आहे. कन्येचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पुढे तिने विधी शाखेची पदवी घेऊन एलएल.एम. पूर्ण केले. आता पीएच.डी. करण्याचा तिचा मानस आहे. वडिलांचा कल इंग्लंडकडे आहे, कारण परदेशी डॉक्टरेटला समाजात मान आहे. कन्येचा कल छत्रपती संभाजीनगरकडे आहे, कारण आपल्या इंग्रजीला तेथे कोणी हसणार नाही असे तिला वाटते. निर्णय काहीही होवो, एकाची निवड मानावर आणि दुसरीची भयावर उभी आहे. हे दोन्ही पाये कच्चे आहेत.

प्रथम कन्येचे भय पाहू. भगवान महावीरांनी उपदेश केला तो अर्धमागधीत, लोकांना समजेल अशा भाषेत. पुढे उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्र रचले ते संस्कृतात, कारण अन्य दर्शनांच्या विद्वानांशी विचारविनिमय त्या भाषेत होत असे. जेथे ज्या भाषेचे प्रयोजन, तेथे ती भाषा, एवढाच यातला विवेक आहे. उच्च न्यायालयांचे निर्णय आणि विधी शाखेतील बहुतांश संशोधन इंग्रजीत असल्यामुळे ही भाषा टाळून चालणार नाही. मात्र ती जन्मतः यावी लागत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे कोकणातले, मराठी घरातले. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. १९३० मध्ये पहिला खंड निघाला, १९६२ मध्ये अखेरचा, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्या ग्रंथाचे बळ त्यांच्या संस्कृत आधारांवरील प्रभुत्वात आहे. इंग्रजी हे त्या विद्वत्तेचे वाहन होते.

हाच न्याय या कन्येस लावावा. व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांचे पुराव्यातील स्थान हा तिचा नियोजित विषय आहे. नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात विचारात घेता येते, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २८ मध्ये आला आहे. रोजमेळ आणि खतावणी यांतला फरक तिला पुस्तकातून शिकावा लागणार नाही. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने दप्तर उर्दू व मोडीत, तर पेढ्यांच्या कित्येक वह्या महाजनी लिपीत आहेत. ज्याला केवळ उत्तम इंग्रजी येते, त्याला ही कवाडे बंद आहेत.

आता वडिलांच्या आग्रहाविषयी. इंग्लंडमध्ये विधी शाखेची पीएच.डी. साधारणतः तीन ते चार वर्षांची असते. प्रबंध बहुधा ८० हजार ते १ लाख शब्दांचा असतो आणि शेवटी मौखिक परीक्षा होते. प्रवेशासाठी आयईएलटीएस परीक्षेत अनेक ठिकाणी ७ ते ७.५ गुण लागतात, आणि तो निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. शिष्यवृत्ती नसेल तर खर्चाचा भार मोठा आहे. अमेरिकेत विधी शाखेच्या डॉक्टरेटला एसजेडी किंवा जेएसडी म्हणतात, आणि त्याआधी बहुधा तेथीलच एलएल.एम. अपेक्षित असते. म्हणजे एक वर्ष आणि एक शुल्क अधिक.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते, तसेच २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. अर्धवेळ संशोधनाचीही सोय आहे. तेव्हा विवाह आणि प्रबंध यांपैकी एकच निवडावे लागेल, ही घरातील वडीलधाऱ्यांची चिंता पुष्कळशी अनाठायी आहे. नेट परीक्षेत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, आणि ही परीक्षा हिंदीतूनही देता येते. २०१४ मध्ये आपल्या समाजाला केंद्राने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली खरी, परंतु अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडू नये.

मग निवड कशी करावी? आपण माल घेताना पाटी पाहत नाही, नमुना पाहतो. कन्येने आपल्या विषयाचे दोन पानी टिपण स्वतःच्या इंग्रजीत, लहान वाक्यांत लिहावे. न्यायनिर्णयांतील अलंकारिक इंग्रजीचे अनुकरण करू नये. ते टिपण संभाजीनगर, बंगळूर व इंग्लंड येथील ज्यांचा अभ्यास या विषयात आहे अशा मार्गदर्शकांना पाठवावे. त्यांच्याकडील विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत: आजवर किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले, किती वर्षांत झाले, आणि लिहिलेले प्रकरण मार्गदर्शक स्वतः वाचून दुरुस्त करून देतात का? परभाषेत लिहिणाऱ्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या नावापेक्षा मोलाचे आहे.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. भाषेच्या भयापोटी काही विद्यार्थी पैसे देऊन प्रबंध लिहून घेतात किंवा इतरांचे परिच्छेद उचलतात. २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडे अचौर्याचे अणुव्रत आहे. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून मिरवणे ही चोरीच होय. मोडके असले तरी स्वतःचे वाक्य सुधारता येते.

वडिलांना विनंती इतकीच की टिपणाची उत्तरे येईपर्यंत ‘परदेश’ हा शब्द घरात उच्चारू नये. कन्येला सांगणे इतकेच की ‘माझे इंग्रजी’ हे कारण यादीतून खोडावे. ज्या गुरूने टिपणावर सर्वांत नेमके आणि अवघड प्रश्न विचारले असतील, त्याच्याकडे जावे. तो संभाजीनगरात भेटला तर घर जवळ आहे, आणि इंग्लंडात भेटला तर वडिलांनी शिष्यवृत्तीच्या अर्जांना लागावे.