पुडीत काय आहे, हे विचारणार कोण?



हा मजकूर काहींना कडवट वाटेल, पण त्यातली पहिली आरोपी मीच आहे.

टूनगॅबी-पेंडल हिलच्या पट्ट्यात आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दरवर्षी काही महिने येऊन राहतात. माझी आई आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांच्या घडीत सांधेदुखीची पुडी होती. वर ना घटकांची नावे, ना बनवणाऱ्याचे. "मला गुण येतो," एवढाच तिचा पुरावा. प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली मी कुणाला उघडू देत नाही. घरी मात्र त्या पुडीबरोबर कोमट पाणी नेऊन देणारी मीच. कारण सरळ होते. व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर नाही, आमचा विमा जुना आजार धरत नव्हता, आणि पुडी फुकटात आलेली होती.

गुण का येतो? सांधेदुखीच्या अशा औषधांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे भारतातच नव्हे, इथेही उघडकीस आली आहेत. स्टेरॉइडने गुडघा दोन दिवसांत हलका होतो, हे खरेच. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय वर्षानुवर्षे घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे, म्हणून पुडी कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरांसमोर ठेवा. २००८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले.

"हे पाश्चात्त्यांचे कारस्थान" अशी उत्तरे येणार, हे गृहीत धरते. मग त्याच न्यायाने ग्लुकोसामीनचेही बोलू. २००६ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, सुमारे १,६०० रुग्णांचा एकत्रित विचार करता, ते औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरी भारतात जाताना आपण तेच डबे भेट म्हणून नेतो. तिकडून पुड्या, इकडून डबे!

सत्यनारायणाला नाके मुरडणारे आपण, घरातल्या गुडघ्यापुढे मात्र हात टेकतो. "वात आहे, वय झालं, आराम कर." या एका वाक्यात दोन चुका आहेत. 'वात' म्हणून आपण वेगवेगळे आजार एकाच पोत्यात कोंबतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा सांध्यांची झीज. तासभर बोटे वळत नसतील, सांधे सुजलेले असतील, तर तो संधिवात असू शकतो. तिथे रक्ततपासणी आणि तज्ज्ञ लवकर हवेत, कारण एकदा बिघडलेला सांधा पूर्ववत होत नाही.

आणि आराम? झिजलेल्या गुडघ्याला पहिला उपाय व्यायाम, हे ऑस्ट्रेलियातली अधिकृत मानकेही सांगतात. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेला 'ग्लॅड' कार्यक्रम २०१६ पासून इथे आहे: थोडी माहिती आणि देखरेखीखाली १२ व्यायामसत्रे. महागडी यंत्रे नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हासुद्धा व्यायामच. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरायचे नसते. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणे नेहमीइतके उतरले की झाले. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हे आईला कुणी सांगितलेच नव्हते. मलाही माहीत नव्हते.

पण खरा खोटेपणा "आराम कर" म्हणण्यातच आहे. आराम कर म्हणणाऱ्या घरात वीस पोळ्या कोण लाटते? शाळा सुटल्यावर नातवंडांना कोण आणते? पाळणाघराचे पैसे वाचतात तेव्हा आजीचा गुडघा कुणाला आठवत नाही. फिजिओथेरपिस्टची फी मात्र "फार होते"! विमानाच्या तिकिटापुढे ती किती, हा हिशेब मी उशिरा केला.

फिजिओने आईला ओट्याशी बसायला उंच स्टूल सांगितले, रोजचे चालणे सांगितले, आणि कणीक मळणे दुसऱ्याकडे द्यायला सांगितले. आईचा पहिला प्रश्न: "मग कणीक कोण मळणार?" घरात चौघे होतो. कुणीच लगेच उत्तर दिले नाही.