टेम्पोत चढवण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घराघरांतले, कॉलेजच्या लॅबमधले कितीतरी कॉम्प्युटर एका रात्रीत ‘म्हातारे’ झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरलेल्या यादीतलाच प्रोसेसर हवा. मग बटण दाबल्यावर नीट चालू होणारं मशीनसुद्धा नापास, आणि निघालं भंगारात.

‘लिनक्स टाक ना!’ हा सल्ला सगळेच देतात. पण दोन जीबी रॅमच्या मशीनवर लोक दिसायला भारी असा डेस्कटॉप चढवतात, तो रडतखडत चालतो आणि शिव्या लिनक्सला बसतात. खरं तर युनिक्सच्या घराण्यात डेस्कटॉप हा सुटा भाग आहे. एमआयटीत १९८४मध्ये सुरू झालेली एक्स विंडो सिस्टीम फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस सांभाळते. खिडक्यांना चौकट देणं, त्या हलवणं हे विंडो मॅनेजरचं काम. त्यामुळे जड डेस्कटॉप काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी बसवता येतो. मशीन अगदीच दमलेलं असेल, तर नुसता आइसडब्ल्यूएमही पुरतो.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ‘स्टार्टएक्स’ म्हटल्यावर काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ आलं. बाकी काहीच नाही! ते हलेना, बंद होईना. सेटिंगच्या फाइलमध्ये घड्याळाच्या ओळीशेवटी ‘अँड’चं चिन्ह राहिलं होतं. त्यामुळे घड्याळ बंद होईपर्यंत पुढची ओळ, म्हणजे विंडो मॅनेजर, सुरूच होणार नव्हता. बॅकग्राउंड प्रोसेस म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं. (त्यावरचा पाच मार्कांचा प्रश्न मी आधीच पाठ करून सोडवला होता, ते सोडा.) देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाकेपर्यंत मराठी बातम्यांच्या जागी चौकोनांची रांग दिसत होती, ते वेगळंच.

चमत्काराची अपेक्षा मात्र नको. डेस्कटॉपने वाचवलेली रॅम ब्राउझर चार टॅबमध्ये खाऊन टाकतो. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर पर्यायही आटत चाललेत. डेबियन १३ने त्यासाठीचा इन्स्टॉलर देणंच बंद केलं. पण टायपिंग, कोडिंग, प्रोजेक्ट रिपोर्ट एवढं आरामात होतं.

म्हणून कॉलेजांकडे एकच मागणी: लॅब रिकामी करताना दोन-चार मशीन्स, आधीचा डेटा पुसून, आमच्या हवाली करा, ॲडमिन पासवर्डसकट. बिघडली तर बिघडली. तशीही ती टेम्पोत चढणारच होती.