किनाऱ्यापासून डोलकाठीपर्यंत

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची सहा छोटी चलच्चित्रे दाखवली गेली. त्यांतले एक समुद्रस्नानाचे होते. म्हणजे हिंदुस्थानात पडद्यावर पहिल्यांदा काही हलले, तेव्हाच त्यात समुद्रही होता. त्याच ल्युमिएंनी १८९५ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या ला सिओता बंदरातून बाहेर पडणारी एक होडी टिपली होती. वल्हवणारी माणसे बंदराच्या तोंडाशी पोचतात, लाट होडीला आडवी करू पाहते आणि तेवढ्यात चित्रफीत संपते. पुढे त्या माणसांनी होडी कशी सावरली, ते आपल्याला कधीच कळत नाही. कॅमेरा धक्क्यावर तिपाईवर उभा होता आणि होडी त्याच्या टप्प्याबाहेर जात होती.

समुद्राच्या चित्रांची कहाणी पुढेही फार काळ अशीच राहिली. जो समुद्रावर होता त्याच्या हातात दोर होता. ज्याच्या हातात कुंचला किंवा कॅमेरा होता तो बहुधा जमिनीवर होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. ती लढाई आज आपण पाहतो ती डॉमिनिक सेरेस या चित्रकाराच्या नजरेने. त्याने ती नंतर इंग्लंडमध्ये रंगवली, तीही जिंकणाऱ्यांच्या बाजूने. त्या दिवशी गुराबांवर आणि गलबतांवर जे होते, त्यांना काय दिसले, याचे एकही चित्र आपल्यापाशी नाही. तळहातावर मावणाऱ्या आणि पाण्याने न बिघडणाऱ्या ॲक्शन कॅमेऱ्याकडे या लांबच्या अंतरावरून पाहिले, तर त्याला हौसेची वस्तू म्हणून बाजूला सारता येत नाही. शीड ओढणाऱ्या माणसाची स्वतःची नजर सहजपणे नोंदली जाऊ लागली ती या यंत्रामुळे.

त्याआधीही कॅमेरा बोटीवर गेला होता, पण त्याची किंमत जबर होती. ध्रुवीय शोधप्रवासी शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावर छायाचित्रकार फ्रँक हर्ली जडशीळ कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन गेला. १९१५ मध्ये जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात चिरडले गेले, तेव्हा त्याने गोठणाऱ्या पाण्यात उतरून पट्ट्यांचे बंद डबे बाहेर काढले. पुढे वजन पेलेना म्हणून सुमारे ४०० पट्ट्या फोडून टाकल्या आणि १२० च्या आसपास राखल्या. उरलेल्या प्रवासासाठी त्याच्यापाशी खिशात मावणारा एक लहान कॅमेरा आणि मोजके फिल्मरोल एवढेच राहिले. त्या पुढच्या भागाची छायाचित्रे थोडकी आहेत, त्याचे कारण हेच.

१९२९ हे साल मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी शिडाची दोन व्यापारी जहाजे वेगवेगळ्या दिशांनी केप हॉर्नकडे निघाली आणि दोन्हींवर चित्रीकरण झाले. ‘ग्रेस हारवार’ ऑस्ट्रेलियाहून गहू घेऊन निघाले होते. त्यावर ॲलन व्हिलियर्स आणि रोनाल्ड वॉकर हे दोन तरुण पत्रकार खलाशी म्हणून चढले. शिडाच्या जहाजांचा काळ संपत आला आहे आणि आता टिपले नाही तर कधीच टिपले जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. वाटेत डोलकाठीवरचा आडवा वासा कोसळून वॉकर जागीच ठार झाला. व्हिलियर्सने एकट्याने चित्रीकरण पुरे केले. दुसरे जहाज ‘पेकिंग’, चार डोलकाठ्यांचे, हॅम्बुर्गहून चिलीला जाणारे. त्यावर अर्व्हिंग जॉन्सन हा चोवीस वर्षांचा अमेरिकन तरुण होता. वादळात डेकवरून समुद्र वाहत असताना तो कॅमेरा घेऊन डोलकाठीवर चढला आणि तिथून खाली पाहत त्याने चित्रीकरण केले. डेक पाण्याखाली जाते, माणसे दोराला लटकतात, पाणी ओसरते आणि माणसे पुन्हा कामाला लागतात. ल्युमिएंची फीत जिथे संपली होती, त्याच्या पुढचे दृश्य जगाला या दोन जहाजांनी दाखवले.

व्हिलियर्स १९३८ मध्ये आपल्या समुद्रात आला. एडनला तो एका कुवेती बूमवर, म्हणजे शिडाच्या तारवावर, चढला, आफ्रिकेचा किनारा धरून झांझिबारपर्यंत गेला आणि तिथून कुवेतला पोचला. भारतातल्या सागवानात बांधलेली ही तारवे हंगामी वाऱ्यावर शतकानुशतके ये-जा करत होती. तिरके शीड कसे फिरवतात, नाखवा कुठे बसतो, भर समुद्रात डागडुजी कशी होते, हे त्याने छायाचित्रांत आणि लिखाणात धरून ठेवले. कोकणच्या फत्तेमारी आणि मचवे त्या काळी याच वाऱ्यावर चालत होते. त्यांच्यावर कोणी व्हिलियर्स चढला नाही. मुंबईत तोवर बोलपट सुरू होऊन सात वर्षे झाली होती. कॅमेरे होते, तंत्रज्ञ होते, आणि गलबते भाऊच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगरलेली होती. उणीव यंत्राची नव्हती. तांडेलाचे काम टिपण्याजोगे आहे, असे कोणाला वाटले नाही.

१९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा लागली. ती जिंकली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या ‘सुहेली’ने. बत्तीस फुटांची ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती आणि तिने ३१२ दिवसांत फेरा पुरा केला. पण चित्रीकरणाच्या इतिहासात त्या स्पर्धेतला आणखी एक माणूस अधिक अस्वस्थ करणारा आहे. डोनाल्ड क्रोहर्स्टला बीबीसीने १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर दिला होता. त्याची बोट दक्षिण महासागर पेलण्याजोगी नव्हती. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. कॅमेऱ्यासमोर मात्र तो धीराचा दर्यावर्दी म्हणून बोलत होता. १० जुलै १९६९ रोजी त्याची रिकामी बोट तरंगताना सापडली. खरे काय घडले ते उघड झाले बोटीवरच्या नोंदवह्यांमधून. चित्रीकरण आपल्या जागी राहिले, पण पुरावा ठरली ती शाई. आज बोटीवर कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येकाला ही हकिकत ठाऊक असायला हवी.

पाण्यात चालणारा कॅमेरा त्याआधीच निघाला होता. झां द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने समुद्रसंशोधक कूस्तोच्या पथकासाठी ‘कॅलिप्सो’ कॅमेरा बनवला आणि १९६३ पासून निकॉनने तो ‘निकोनॉस’ या नावाने विकला. मात्र तो स्थिरचित्रांचा होता आणि हातात धरावा लागे. शिडाच्या बोटीवर खरी अडचण तीच असते. एक हात स्वतःसाठी आणि एक बोटीसाठी, अशी युरोपीय जहाजांवरची जुनी शिकवण आहे. कॅमेऱ्यासाठी तिसरा हात येणार कुठून?

तो प्रश्न एका लाटांवर खेळणाऱ्या माणसाने सोडवला. २००२ मध्ये निक वुडमन ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवर भटकत होता आणि कॅमेरा मनगटाला बांधण्याच्या खटपटीत होता. २००४ मध्ये त्याने ‘गोप्रो’चा पहिला ‘हीरो’ बाजारात आणला. तो साध्या ३५ मिलिमीटर फिल्मचा होता आणि पट्ट्याने मनगटावर बसत असे. २००६ मध्ये डिजिटल नमुना आला, पण त्यात एका वेळी दहाच सेकंदांची ध्वनीविरहित दृश्ये मावत. २००९ च्या ‘एचडी हीरो’ने खरा बदल घडवला. रुंद भिंग, पाणी न शिरणारी पेटी आणि कुठेही घट्ट बसणारी खोबण. २०१६ च्या ‘हीरो ५’मध्ये दहा मीटर खोलीपर्यंत वेगळ्या पेटीचीही गरज उरली नाही. चित्राच्या प्रतीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की कॅमेरा मागच्या कठड्याला किंवा डोलकाठीच्या टोकाला बांधून विसरता येऊ लागला. पाहणारा आणि काम करणारा हे एकच झाले.

त्याच २००९ च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली होती. मे २०१० मध्ये ते परतले आणि शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला फेरा घालणारे पहिले भारतीय ठरले. त्याच गोदीतल्या ‘तारिणी’ने सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन तसाच फेरा पुरा केला. पुढे २०२४-२५ मध्ये त्याच बोटीवर दोघीच जणी गेल्या. अशा प्रवासात छायाचित्रकाराला वेगळी जागा नसते. जे काही टिपले जाईल, ते सुकाणूवर बसणाऱ्यांनीच टिपायचे.

बोटीवर बांधलेल्या कॅमेऱ्याने समुद्रावरच्या लोकांना काय दिले, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नोव्हेंबर २०१४ चे आहे. व्होल्वो ओशन रेसमधली ‘टीम वेस्टास विंड’ ही बोट केपटाउनहून अबू धाबीकडे जाताना मॉरिशसच्या ईशान्येच्या कार्गाडोस काराजोस खडकांवर भर अंधारात आदळली. नकाशा संगणकावर होता, पण तो ज्या प्रमाणात उघडला होता त्यात ते खडक दिसत नव्हते. बोटीवरचे कॅमेरे चालू होते. धडक, किंकाळ्या, काही क्षणांची सुन्नता आणि त्यानंतर माणसांनी स्वतःला सावरून एकेक काम हाती घेणे, हे सारे नोंदले गेले. सगळे वाचले. ती दृश्ये लपवली नाहीत, ती जगाने पाहिली, आणि इलेक्ट्रॉनिक नकाशा मोठा करून तपासण्याचा धडा असंख्य लोकांच्या मनात त्या किंकाळ्यांसकट बसला. कोणत्याही सूचनापत्रकाने हे साधले नसते.

याउलट सप्टेंबर २०१८ मध्ये ‘सुहेली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी १९६८ च्या त्या स्पर्धेच्या काळातल्याच साधनांनिशी होणाऱ्या गोल्डन ग्लोब स्पर्धेत होते. पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. जगाला कळले ते उपग्रहावरून आलेल्या तुटक संदेशांमधून. लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले ते चित्र भारतीय नौदलाच्या विमानातून घेतलेले: अफाट पाण्यात एक बारीक बोट आणि बाजूला लोंबणारी डोलकाठी. आत पडून असलेल्या माणसाने ते तास कसे काढले, हे त्यांच्या शब्दांतूनच समजून घ्यावे लागते.

या यंत्रावर मात्र डोळे मिटून भिस्त ठेवू नये. त्याचे भिंग इतके रुंद असते की समोरची उंच लाट सपाट आणि दूर दिसते. समुद्रावर जाऊन आलेला प्रत्येकजण आपले चित्रण पाहून खट्टू होतो, ते यामुळेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१८ च्या ‘हीरो ७ ब्लॅक’पासून हादरे पुसून टाकणारी सोय फारच प्रभावी झाली आणि पुढे क्षितिज आपोआप सपाट ठेवण्याची सोयही आली. जमिनीवर ती वरदान असेल. शिडाच्या बोटीवर मात्र ती साक्ष पुसते. बोट किती कलली होती, किती वेळाने सरळ झाली, लाटेवर कशी वळली, हीच तर त्या चित्रणातली माहिती असते. क्षितिज सपाट केले की बोट तलावात चालल्यासारखी दिसते. माझे ठाम मत आहे की बोटीवर दोन कॅमेरे असतील तर एकावर तरी ही सोय बंद ठेवावी, आणि तो मागच्या टोकाला, पुढे तोंड करून, सुकाणू, शीड आणि क्षितिज एका चौकटीत येईल असा बांधावा. खाऱ्या पाण्याने तो गंजू नये म्हणून रोज गोड्या पाण्याने धुवावा. आणि वहीत तारीख, जागा, वारा आणि उभारलेली शिडे लिहावीत. क्रोहर्स्टच्या बाबतीत वहीनेच खरे सांगितले.

दृश्य किती काळ टिकते आणि कोणाच्या कामी येते, याचा अंदाज कोणालाच नसतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज आहे. सुमारे दीड हजार वर्षांनी त्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज गोव्यात बांधले गेले. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरमध्ये पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. पण चित्रकाराने भिंतीवर बाहेरून दिसणारे जहाज काढले होते. तळाचा आकार कसा असेल, शिडे कशी फिरवली जात, दोर कुठून कुठे जात, हे आयआयटी मद्रासमध्ये तपासून आणि प्रत्यक्ष चालवून शोधावे लागले. हात कसे चालत होते, ते भिंतीवर नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर ते हात अजून पुरते गेलेले नाहीत. इंजिने आली आणि व्यापारी शीड उतरले, पण तरुणपणी शिडाच्या पडावावर काम केलेली म्हातारी माणसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या बंदरांत भेटतात. वाऱ्याचा रंग पाहून शीड किती सोडायचे, तिरका वासा डोलकाठीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला कसा न्यायचा, खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट किती पाहायची, हे त्यांना सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे जाते. आज विकत मिळणारा एक कॅमेरा मागच्या कठड्याला, एक तांडेलाच्या छातीला आणि एक डोलकाठीच्या टोकाला बांधला, एका लहान बोटीवर त्यांच्या सांगण्यानुसार शीड चढवले, तर व्हिलियर्सला जे इथे करता आले नाही ते एका हंगामात होईल. हौशी दर्यावर्दींचे क्लब, नौदलाचे निवृत्त अधिकारी आणि कोळीवाड्यांतली शिकलेली मुले मिळून हे करू शकतात. मूळ चित्रण कापून छोटे करण्याआधी तसेच्या तसे जतन व्हायला हवे. कारण मेमरी कार्ड हरवते, संगणक मोडतो, आणि तीन मिनिटांचा चटकदार तुकडा तेवढा उरतो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रफिती जपत आले आहे. अशा चित्रणासाठी तिथे एक स्वतंत्र कपाट मागायला हरकत नाही.

आणि तांडेलाचा आवाज त्याच वेळी, ते चित्रण त्याला दाखवत, नोंदवून घ्यावा. जॉन्सनची १९२९ ची दृश्ये १९८० मध्ये ‘अराउंड केप हॉर्न’ या नावाने नव्याने पुढे आली, तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपासच्या जॉन्सनने स्वतः बसून त्यावर निवेदन केले. दृश्यात काय चालले आहे ते त्याने सांगितले आणि पन्नास वर्षे मुकी असलेली फीत समजू लागली. आपल्या तांडेलांकडे पन्नास वर्षे नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधीच्या हंगामात हे काम सुरू व्हायला हवे, आणि पहिली बोट कोणत्या बंदरातून सोडायची, हे त्यांनाच विचारून ठरवायला हवे.