आवाज म्हणजे सही नव्हे

बोलून काम सांगता येणाऱ्या डिजिटल सहायकात एक मूळचा दोष आहे : आज्ञा काय आहे ते त्याला कळते, ती कुणाची आहे ते खात्रीने कळत नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या एका लहान मुलीने अॅमेझॉनच्या अॅलेक्सा या सहायकाकडून बाहुलीघर मागवले. सॅन डिएगोच्या दूरचित्रवाणी वाहिनीवर ही बातमी देताना निवेदकाने तिचे वाक्य उच्चारले, आणि प्रेक्षकांच्या घरातली यंत्रेही बाहुलीघर मागवू लागल्याच्या तक्रारी आल्या. तिथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. हेतू वाईट असेल तेव्हा काय होते, ते संशोधकांनी दाखवले आहे.

चीनच्या झेजियांग विद्यापीठाने त्याच वर्षी २० किलोहर्ट्झपेक्षा वरच्या, माणसाला ऐकूच न येणाऱ्या ध्वनीत आज्ञा मिसळल्या. मायक्रोफोनच्या विद्युतमंडलाने त्या स्वतःच उलगडल्या आणि फोनने त्या पाळल्या. २०१९ मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी तर ध्वनीच वापरला नाही : ११० मीटरवरून लेझरचा झोत मायक्रोफोनवर पाडला, आणि प्रकाशाच्या चढउताराला यंत्राने शब्द मानले. असे हल्ले करायला तयारी लागते, ते रोज घडत नाहीत, हे मान्य. पण २०२२ मधला प्रयोग अधिक बोलका आहे. त्यात अॅमेझॉनच्या इको यंत्राला त्याच्याच स्पीकरमधून आज्ञा देण्यात आल्या. यंत्र खात्री विचारेल म्हणून सहा सेकंदांनी ‘हो’ एवढा शब्द जोडला, की काम होत असे. कंपनीने नंतर यातल्या बऱ्याच फटी बुजवल्या, तरी तोंडी खात्रीने सुरक्षा मिळत नाही हे त्यातून सिद्ध झाले. आवाज ओळखण्याच्या सोयीचेही तेच. मिळत्याजुळत्या आवाजाला किंवा ध्वनिमुद्रणाला ती फसू शकते. अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच दाखवली. आणि ग्रामसभेतल्या भाषणाची चित्रफीत आज कुणालाही मिळते.

अहिल्यानगर जिल्ह्यापासून हा प्रश्न दूर राहिलेला नाही. कृषी विभागाच्या ‘महाविस्तार’ अॅपला शेतकरी मराठीत प्रश्न विचारतो. ६ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत सादर झालेली ‘हॅलो यूपीआय’ ही सुविधा तर बोलून पैसे पाठवण्यासाठीच आहे. सुरुवात हिंदी-इंग्रजीत, पुढे इतर भारतीय भाषांत. ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्याच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे आणि ती वाढलीच पाहिजे. मात्र शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीवरील बोंडअळीचा उपाय विचारणे आणि खात्यातून पैसे काढणे, ही एकाच भरवशावर चालणारी कामे नाहीत. पैसा, कुलूप आणि विहिरीवरची मोटर यांना आवाजाखेरीज दुसरी खूण हवीच. यूपीआयच्या नेहमीच्या व्यवहारात पिनची पायरी आहे. सोयीच्या नावाखाली ती काढून आवाजावर भिस्त ठेवणे घातक ठरेल.

संरक्षणाचा मोठा भार उत्पादकांवरच असला पाहिजे. श्राव्य मर्यादेबाहेरचा ध्वनी गाळणे, मायक्रोफोनवर प्रकाश थेट न पडणारी रचना करणे, जिवंत माणसाचा आवाज आणि स्पीकरचा आवाज यांतला फरक ओळखणे हे ग्राहकाच्या हातात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आवाजाच्या साठ्यालाही ती काटेकोरपणे लागू व्हावी. ग्राहकाने करायचे ते थोडे आहे : कुलूपबंद पडद्यावरचा सहायक बंद ठेवणे, खरेदीला पिन लावणे, साठलेली ध्वनिमुद्रणे पुसणे, यंत्र खिडकीसमोर न ठेवणे, आणि फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवणे. पण ही सेटिंग्ज शोधणे अवघड आहे, आणि घरात एकच फोन चौघे वापरत असतील तर अधिकच. म्हणून सुरक्षित सेटिंग फोन विकतानाच चालू असावी, तिची माहिती मराठीत मिळावी, आणि ‘महाविस्तार’ शिकवणाऱ्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी व राहुरीच्या कृषी विद्यापीठाने शेतकरी मेळाव्यांत ती फोन हातात घेऊन दाखवावी.

– एक वाचक, राहुरी (जि. अहिल्यानगर)