रिकामं शेत

चित्रात श्रीमंती दाखवायची म्हणजे काय काय दाखवायचं? दागिने, रेशमी कपडे, मोठा वाडा. मला मात्र वाटतं, चित्रात काय आहे याच्याइतकंच काय गाळलंय तेही बघावं. अठराव्या शतकातल्या व्यक्तिचित्रांच्या बाबतीत तर नक्कीच.

थॉमस गेन्सबरोचं 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' घ्या. साधारण १७५० सालचं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रॉबर्ट आणि फ्रान्सिसचं लग्न १७४८ मध्ये झालेलं. डावीकडे ओकच्या झाडाखाली हे जोडपं, आणि उजवीकडे दूरवर त्यांची जमीन. व्यक्तिचित्र म्हणायचं आणि अर्ध्याहून जास्त जागा जमिनीला!

रॉबर्टच्या काखेत बंदूक आहे, एक हात खिशात. ही बंदूक नुसती शोभेची नाही बरं का. १६७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क मुख्यतः जमीनदारांना होता. वर्षाला शंभर पौंड उत्पन्न देणारी स्वतःची जमीन हवी. एरवी ससा मारणं हा गुन्हा. फ्रान्सिसचा निळा रेशमी झगा तर शेतात पाऊल टाकण्याच्या कामाचाच नाही.

आता शेताकडे बघा. धसकटांच्या अगदी सरळ ओळी. आपल्याला पाभरीची सवय, त्यामुळे त्यात विशेष वाटत नाही. पण तिथे तेव्हा बरेच शेतकरी बी हाताने फोकून पेरत. सरळ ओळी म्हणजे यंत्राने पेरणी, म्हणजेच सुधारलेली शेती आणि गाठीला पैसा.

पीक कापून झालंय, पेंढ्या उभ्या केल्यात. पण कापणारं एकही माणूस दिसत नाही. ऐन सुगीत शेत इतकं सुनसान असतं का हो?

काहीजण म्हणतात, जोडपं निसर्गाचा आनंद घेतंय, उगाच अर्थ काढू नका. घेत असेलही. पण शेतात घाम न गाळता शेत नुसतं न्याहाळता येणं, हाच तर त्यांचा रुबाब! गेन्सबरोने तो चोख रंगवलाय, आणि चित्र सुंदर आहे हेही खरंच.

आमचे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याचं शेत अर्धेलीने करत. मालकाची तसबीर अजून त्या घराच्या ओटीवर आहे. आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. नातेवाइकांपैकी कुणाकडे असला, अगदी गर्दीतला का होईना, तर जरूर कळवा.