पहिल्या 50 सामन्यांचा तक्ता

या टर्ममध्ये स्टाफरूममध्ये आणि मेसच्या टेबलांवर एक सूचना फिरते आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जे हाऊस गुणतक्त्यात शेवटचे असेल, त्याचा कॅप्टन बदलावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. मागे पडलेल्या हाऊसमधली लहान मुले हिरमुसतात आणि नवा कॅप्टन आला की निदान चार दिवस धावपळ दिसते. तरीही माझा या सूचनेला विरोध आहे, आणि त्यासाठी मी जे उदाहरण देणार आहे ते आपल्या मैदानावर न खेळल्या जाणाऱ्या खेळातले आहे. मराठी पानावर अमेरिकेचा बेसबॉल कशाला, असे काही पालक विचारतील. क्रिकेटची उदाहरणे आपल्या सगळ्यांना इतकी पाठ झाली आहेत की ती ऐकताना कोणी विचार करत नाही, म्हणून.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने पहिल्या 50 सामन्यांपैकी 19 जिंकले आणि 31 हरले. 23 मे रोजी न्यू यॉर्क मेट्सने त्यांना सलग चौथ्या दिवशी हरवले, तेव्हाचा हा हिशेब. हंगामाआधी त्यांचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू ब्राइस हार्पर 13 वर्षांच्या, 33 कोटी डॉलरच्या कराराने फिलाडेल्फियाला निघून गेला होता. त्याआधीच्या सात वर्षांत संघ चार वेळा बाद फेरीपर्यंत पोहोचला आणि चारही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर पडला होता. डेव्ह मार्टिनेझ या मॅनेजरचे ते दुसरेच वर्ष. त्याला काढा, अशी मागणी वर्तमानपत्रांतून आणि प्रेक्षकांतून जोरात सुरू झाली. तक्ताच तसा होता.

आता त्या तक्त्याच्या मागे काय होते ते पाहा. 2 एप्रिलला ट्रे टर्नर या त्यांच्या सर्वांत चपळ खेळाडूचे बोट मोडले. तो मेच्या मध्यापर्यंत बाहेर होता. अँथनी रेन्डन, वान सोटो, रायन झिमरमन हे तिघेही या ना त्या दुखापतीने काही काळ बसून होते. चांगले पिचर सामना हातात आणून द्यायचे आणि शेवटच्या डावांत येणारे बदली पिचर तो घालवायचे. यातल्या किती गोष्टी मॅनेजर बदलून सुधारल्या असत्या? बोट तर नक्कीच जुळले नसते.

संघाचा कारभार पाहणारे माइक रिझो यांनी हा फरक ओळखला, असे मला वाटते. ते हात बांधून बसले नव्हते. मेच्या सुरुवातीलाच त्यांनी पिचिंगचा प्रशिक्षक बदलला. जुलैच्या अखेरीस, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, तीन नवे बदली पिचर आणले. जिथे गळती होती तिथे ठिगळ लावले आणि छप्पर उतरवले नाही. उरलेल्या 112 सामन्यांपैकी नॅशनल्सने 74 जिंकले.

या काळातल्या दोन गोष्टी कॅडेट्सना आवडतील. 18 जूनला मॅक्स शेर्झर सराव करत असताना बॅटला लागलेला चेंडू उसळून त्याच्या तोंडावर आला आणि नाकाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन तो उतरला, सात डावांत एकही धाव दिली नाही आणि दहा जणांना बाद केले. (हे वाचून कोणी मोडलेले नाक घेऊन परेडला येऊ नये. आधी एम.आय. रूम.) दुसरी गोष्ट हेरार्दो पारा या खेळाडूची. त्याला आधीच्या संघाने मेमध्येच सोडून दिले होते आणि जूनमध्ये त्याची बॅट लागत नव्हती. बॅटिंगला येताना स्टेडियममध्ये वाजणारे आपले गाणे त्याने बदलले आणि आपल्या छोट्या मुलीचे आवडते, शार्कचे बालगीत लावले. काही आठवड्यांत चाळीस हजार मोठी माणसे दोन्ही हातांनी शार्कचा जबडा करून टाळ्या वाजवू लागली. मार्टिनेझ खेळाडूंना एकच सांगत असे: आजचा सामना जिंका, आजचा हिशेब 1-0 करा. दमलेल्या, चिडलेल्या संघाला एवढेच पेलते.

पुढचे सगळे सामने सांगत बसत नाही, पण बाद फेरीबद्दल बोलायलाच हवे. नॅशनल्स 93 विजयांसह मागच्या दाराने, म्हणजे वाइल्ड कार्डने आत आले. पाच वेळा अशी वेळ आली की हरलो तर घरी. पाचही वेळा ते सामन्यात मागे पडले आणि पाचही जिंकले. मिल्वॉकीविरुद्ध आठव्या डावात 1-3 असताना 20 वर्षांच्या सोटोने फटका मारला, उजवीकडच्या क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि तीन धावा निघाल्या. मग 106 विजय मिळवलेला लॉस एंजेलिस डॉजर्स. पाचव्या सामन्यात पुन्हा आठवा डाव, पुन्हा 1-3. क्लेटन कर्शॉसारख्या पिचरला रेन्डन आणि सोटो यांनी लागोपाठच्या चेंडूंवर होम रन मारले. दहाव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना 36 वर्षांच्या हाउई केन्ड्रिकने चेंडू मैदानाबाहेर घातला आणि एका फटक्यात चार धावा झाल्या. याच केन्ड्रिकच्या हातून मालिकेच्या पहिल्या सामन्यात चेंडू सुटून धाव गेली होती. त्याला बसवले नाही, म्हणून तो दहाव्या डावात तिथे उभा होता.

वर्ल्ड सीरिज ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजशी झाली, तो 107 विजयांचा संघ. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. अमेरिकेच्या मोठ्या खेळांत सात सामन्यांच्या मालिकेत असे पूर्वी कधी झाले नव्हते. पाचव्या सामन्याच्या दिवशी शेर्झरची मान इतकी आखडली की हात वर होईना, पत्नीच्या मदतीने कपडे घालावे लागले. तो सामना नॅशनल्स हरले. तीन दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, सातव्या सामन्यात शेर्झरच उतरला. ह्यूस्टनचे खेळाडू पुन:पुन्हा बेसवर पोहोचत होते, पण पाच डावांत त्याने दोनच धावा दिल्या. सातव्या डावात 0-2 असताना रेन्डनचा होम रन, मग केन्ड्रिकचा फटका उजव्या सीमेच्या खांबावर आदळला. शेवट 6-2. शेवटचा चेंडू टाकला डॅनियल हडसनने, जुलैत आणलेल्या त्या तिघांपैकी एकाने. वॉशिंग्टन शहराला 1924 नंतर प्रथमच हे विजेतेपद मिळाले.

माझ्या एका सहकाऱ्यांनी यावर चांगला आक्षेप घेतला. ते म्हणाले, 19-31 वर असलेले बहुतेक संघ तिथेच बुडतात. तुम्ही तरलेल्या एकाची गोष्ट सांगता. बरोबर आहे. इतक्या खालून वर येऊन विजेता होणारा याआधीचा संघ 1914 चा, बोस्टन ब्रेव्ज. शिवाय 2020 मध्ये नॅशनल्स 26-34 वर घसरले, पुढची वर्षेही वाईट गेली, आणि जुलै 2025 मध्ये रिझो आणि मार्टिनेझ या दोघांनाही एकाच दिवशी काढण्यात आले. कोणालाच कायमचे ठेवा, असे माझे म्हणणे नाहीच. कॅप्टन लहान मुलांना त्रास देत असेल, खोटे बोलत असेल, रोल कॉलला गैरहजर राहत असेल, तर दिवाळीची वाटही पाहू नका. पण तेव्हा कारण त्याची वागणूक असते, गुणांची बेरीज नव्हे.

मोठा फरक आणखी एक आहे. मार्टिनेझ पगारी व्यावसायिक होता. काढला असता तर दुसरीकडे काम शोधता आले असते. आपला कॅप्टन 16-17 वर्षांचा आहे. त्याला जुलैत खेळाडू आणता येत नाहीत. हाऊस मास्टरांनी वाटून दिलेली मुले घेऊनच त्याला क्रॉस कंट्री धावायची असते. आणि आपण त्याला कॅप्टन केले ते हाऊस जिंकावे एवढ्यासाठी नव्हे, तर हरणाऱ्या हाऊससमोर सकाळी साडेपाचला कसे उभे राहायचे हे त्याला कळावे म्हणून. तोच धडा अर्ध्यावर काढून घेतला तर मग शाळेत शिकवले काय? सहावीत नव्याने आलेल्या मुलाची पहिल्या टर्मची गुणपत्रिका पाहून फोन करणाऱ्या पालकांनाही माझे हेच सांगणे आहे. घर सुटल्यानंतरचे ते पहिले 50 सामने आहेत. क्रमांक विचारण्याआधी मूल झोपते का, जेवते का, चष्म्याचा नंबर वाढला आहे का, ते विचारा.

म्हणून माझी उलट सूचना. नोटीस बोर्डावरच्या हाऊस तक्त्यात गुणांशेजारी आणखी एक रकाना वाढवावा. त्यात प्रत्येक स्पर्धेच्या दिवशी किती कॅडेट आजारी किंवा जखमी होते आणि हाऊस नेमके कोणत्या प्रकारात मागे पडले ते लिहावे. तो रकाना कॅप्टनने स्वतः भरावा, हाऊस मास्टरांनी सही करावी. दिवाळीला कोणाला बदलायचे असेल तर तो वाचून मग बोलू. बोर्डावर जागा आहे. उजवा कोपरा गेल्या वर्षीच्या स्पर्धांच्या जुन्या यादीने अडवला आहे, ती काढली की झाले.