कीर्द, खतावणी आणि बॅकअप

आमचा पुतण्या एका पतपेढींत संगणकाचें काम पाहतो. मागील महिन्यांत एके दिवशीं रात्रीं दहाला तो जेवावयास आला, तों मुद्रा उतरलेली. रोज रात्रीं पूर्ण बॅकअप घेत असतांही एसक्यूएल सर्व्हरची लॉग फाइल फुगत जाऊन डिस्क भरली आणि पतपेढीचे व्यवहार थांबले. व्यवस्थापकांचा प्रश्न एकच: ‘बॅकअप घेतां ना, मग लॉग शिल्लक कसा?’

वाचकांपैकीं ज्यांनीं जमाखर्च शिकला आहे, त्यांस हें कोडें अवघड वाटूं नये. व्यवहार आधीं कीर्दींत लिहावयाचा, मग खतावणींत ज्याच्या त्याच्या खातीं उतरवावयाचा. ट्रँझॅक्शन लॉग ही कीर्द, डेटा फाइल ही खतावणी. मध्येंच वीज गेली, तर यंत्र सुरू होतांना लॉग वाचतें. पुरा झालेला व्यवहार खतावणींत उतरवितें, अर्धवट राहिलेला मागें घेतें. पूर्ण बॅकअप म्हणजे खतावणीची नक्कल. डिफरन्शियल म्हणजे त्यानंतर बदललेला भाग तेवढा. कीर्दीची नक्कल म्हणजे लॉग बॅकअप, आणि ‘फुल रिकव्हरी’ पद्धतींत ती घेतल्यावांचून लॉगमधील जागा मोकळी होत नाहीं. यास ‘ट्रंकेट’ म्हणतात. शब्द मोठा फसवा! फाइल त्यानें लहान होत नाहीं. आंतली जागा पुनः वापरतां येते, इतकेंच.

कोणीं तरी ‘सिंपल’ पद्धतीचा सल्ला दिला होता. तींत लॉगची जागा आपोआप मोकळी होते खरी; पण दुपारीं तीनला डिस्क बिघडली, तर हातीं काल रात्रीचीच नक्कल. सकाळीं अकराला पेन्शनचे पैसे ठेवून गेलेल्या म्हातारीजवळ पावती आहे, पतपेढींत नोंद नाहीं! उलट दर पंधरा मिनिटांनीं लॉग बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर ठेविला, तर हानि फार तर तेवढ्या वेळाची. मात्र कालच्या नक्कलेवर ते क्रमानें चढवावे लागतात. मधला एक हरवला, कीं पुढचे चढत नाहींत.

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत एका अभियंत्याच्या हातून भलत्याच सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. बॅकअपचे प्रकार अनेक होते. परंतु नित्याचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशीं जुळत नसल्यानें अयशस्वी होत होता, आणि तें सांगणारीं ई-मेल पोंचत नव्हतीं. सुमारें सहा तासांपूर्वीं सहज घेतलेली एक प्रत सांपडली म्हणून बहुतेक वांचलें.

हें ऐकवून आम्हीं पुतण्यास विचारलें, “तुझ्या बॅकअपवरून माहिती परत उभी करून कधीं पाहिलीस?”

तो कांहीं बोलला नाहीं. रविवारीं मात्र चहाहि न घेतां पतपेढींत गेला.